पोलिश आकडे आणि घड्याळ: पोलंडमध्ये नव्याने येणाऱ्या मराठी माणसासाठी पायरीवार मार्गदर्शन

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी वॉर्सा, क्राकुफ, व्रोत्स्वाफ अशा शहरांत येणाऱ्या मराठी माणसाला नमस्कार आणि आभार यांच्यानंतर लगेच ज्या शब्दांची गरज पडते ते शब्द म्हणजे आकडे. दुकानात किती पैसे द्यायचे, कचेरीत कोणत्या खिडकीपाशी जायचे, डॉक्टरांनी किती वाजता बोलावले आहे, गाडी कोणत्या फलाटावरून सुटणार आहे, हे सारे आकड्यांतच सांगितले जाते आणि बहुतेक वेळा फार भरभर सांगितले जाते. पाठ्यपुस्तके हा विषय विभक्तींच्या तक्त्यांपासून सुरू करतात, आणि त्यामुळे नवशिका घाबरून इंग्रजीकडे वळतो. माझे मत असे आहे की मराठी भाषकाला पोलिश मोजणी सोपी जाते आणि पोलिश घड्याळ थोडे अवघड जाते. म्हणून मोजणी झटपट उरकावी आणि वाचलेली मेहनत घड्याळावर खर्च करावी. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

जवळ काय ठेवावे

एक छोटी वही, उच्चार ऐकवणारा कोणताही पोलिश शब्दकोश, दुकानांतून मिळालेल्या पावत्या आणि घराजवळच्या बसथांब्यावरील वेळापत्रकाचे एक छायाचित्र, एवढे साहित्य पुरते. मोबाइलचे घड्याळ पहिल्याच दिवशी २४ तासांच्या पद्धतीवर ठेवावे. या लेखात पोलिश शब्द उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत; वहीत मात्र प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहून मूळ पोलिश लिपीतही उतरवून घ्यावा, कारण पाटीवर तुम्हाला तीच लिपी दिसणार आहे.

१. आधी चार ध्वनी पक्के करा

मराठीत 'चमचा' मधील च आणि 'चहा' मधील च वेगळे आहेत, तसेच 'जग' मधील ज आणि 'जेवण' मधील ज वेगळे आहेत. पोलिशमध्येही हे दोन्ही प्रकार आहेत, त्यामुळे ज्या ध्वनींवर इतर भाषक अडखळतात ते तुमच्या जिभेवर आधीपासूनच आहेत. येथे 'चमचा' मधील च साठी 'त्स' लिहिले आहे. नुसता 'च' आणि नुसता 'ज' हे 'चहा' आणि 'जेवण' यांच्यासारखे वाचावेत. पोलिशमध्ये श आणि ष हे खरोखर भिन्न उच्चारले जातात. ष म्हणताना जीभ मागे वळवावी. बहुतेक शब्दांत जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो.

२. शून्य ते दहा

झेरो, येदेन, द्वा, त्षी, च्तेरी, प्येंच, षेश्च, शेदेम, ओशेम, जेव्येंच, जेशेंच. हे अकरा शब्द आधी क्रमाने आणि मग उलट्या क्रमाने म्हणावेत. उलटे म्हणता आले नाहीत तर पाठांतर झाले असे समजू नये. नऊ आणि दहा, म्हणजे जेव्येंच आणि जेशेंच, यांत कानाची हमखास फसगत होते. गर्दीत मधला 'व्ये' किंवा 'शे' एवढाच फरक ऐकू येतो, म्हणून ही जोडी एकत्रच आणि वारंवार ऐकावी.

३. अकरा ते शंभर

अकरापासून एकोणिसापर्यंत प्रत्येक शब्दाच्या शेवटी 'नाश्चे' येते: येदेनाश्चे, द्वानाश्चे, त्षिनाश्चे, च्तेर्नाश्चे, प्येंत्नाश्चे, षेस्नाश्चे, शेदेम्नाश्चे, ओशेम्नाश्चे, जेव्येंत्नाश्चे. दशकांचे शब्द असे आहेत: वीस द्वाजेश्चा, तीस त्षिजेश्ची, चाळीस च्तेर्जेश्ची, पन्नास प्येंजेशोंत, साठ षेझ्जेशोंत, सत्तर शेदेम्जेशोंत, ऐंशी ओशेम्जेशोंत, नव्वद जेव्येंजेशोंत, आणि शंभर म्हणजे स्तो.

यापुढे नवे काही पाठ करावे लागत नाही. आधी दशक आणि नंतर एकक: पंचवीस म्हणजे द्वाजेश्चा प्येंच, त्रेसष्ट म्हणजे षेझ्जेशोंत त्षी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशी फोड आली तेव्हा महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली होती. पोलिश मुले नेमकी तशीच मोजतात. एकोणतीस, एकोणचाळीस यांसारखी 'एक कमी' सांगणारी रीत येथे नाही. त्रेपन्न आणि पस्तीस असे शंभर स्वतंत्र शब्द लहानपणी आत्मसात केलेल्या माणसाला हा भाग जड वाटण्याचे कारण नाही. सवय मात्र बदलावी लागते. मराठीत एकक आधी ऐकू येतो, पोलिशमध्ये दशक आधी येते, त्यामुळे ऐकून आकडा लिहिताना सुरुवातीला अंकांची अदलाबदल होते.

येथे तीन शब्द शेजारी लिहून ठेवावेत: बारा द्वानाश्चे, वीस द्वाजेश्चा, दोनशे द्वेश्चे. भाडे किंवा वजन ऐकताना या तिघांत घोटाळा झाला तर फरक लहान राहत नाही.

४. पैसे: एकाच नाण्याची तीन रूपे

पोलंडचे चलन झ्वोती आहे आणि १०० ग्रोषांचा एक झ्वोती होतो. नोटा १०, २०, ५०, १००, २०० आणि ५०० झ्वोतींच्या आहेत. रक्कम बदलली की चलनाच्या नावाचे रूप बदलते, आणि हा नियम पुढे तास, मिनिटे, माणसे अशा मोजायच्या प्रत्येक गोष्टीला लागू पडत असल्यामुळे येथे थांबून तो नीट समजून घ्यावा.

एकासाठी: येदेन झ्वोती.
दोन, तीन, चार यांसाठी: द्वा झ्वोते, त्षी झ्वोते, च्तेरी झ्वोते.
पाच आणि त्यापुढे: प्येंच झ्वोतिख, जेशेंच झ्वोतिख.

बावीस, तेवीस, चोवीस यांच्या शेवटी दोन, तीन, चार असल्यामुळे तेथे पुन्हा 'झ्वोते' येते. बत्तीस, त्रेचाळीस, चौपन्न यांचेही तसेच. पण बारा, तेरा, चौदा यांना 'झ्वोतिख' लागते, कारण त्यांच्या शेवटी 'नाश्चे' आहे. एकवीस, एकतीस, एकशे एक यांच्या शेवटी 'येदेन' असूनही रूप 'झ्वोतिख' असते. ज्यांनी पूर्वी रशियन शिकली आहे त्यांची येथे हटकून चूक होते, कारण रशियनमध्ये एकवीसनंतर एकवचन येते.

ग्रोष या शब्दाचीही अशीच तीन रूपे होतात: येदेन ग्रोष, द्वा ग्रोषे, प्येंच ग्रोषी. प्रत्यक्षात गल्ल्यावरची व्यक्ती चलनाचे नाव बहुधा गाळते आणि १२,५० या रकमेला नुसते 'द्वानाश्चे प्येंजेशोंत' म्हणते. लक्षात घ्या, येथे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात आणि हजारांच्या गटांमध्ये मोकळी जागा सोडतात. म्हणून भाडेकरारात '२ ५००,००' असे दिसले तर ते अडीच हजार आहेत.

विचारण्यासाठी एकच वाक्य पुरे: 'इले तो कोष्तुये?' म्हणजे याची किंमत किती. उत्तर समजले नाही तर 'प्रोषे पोफ्तुझिच' म्हणजे कृपया पुन्हा सांगा, किंवा 'वोल्न्येय' म्हणजे अधिक हळू. बोलण्यात 'दिखा' म्हणजे दहा झ्वोती आणि 'स्तुवा' म्हणजे शंभर झ्वोती असे शब्दही कानावर येतील. ते समजून घ्यावेत, पण कचेरीत वापरू नयेत.

५. माणसे मोजताना

दोन या आकड्याला लिंग आहे. पुल्लिंगी वस्तू आणि नपुंसकलिंगी नामे यांच्यासाठी द्वा, स्त्रीलिंगी नामांसाठी द्व्ये. पुरुषांसाठी 'द्वाय', तर मुले किंवा स्त्री-पुरुष एकत्र असतील तर 'द्वोये'. दोघे भाऊ म्हणजे द्वाय ब्राचा, दोघी बहिणी म्हणजे द्व्ये शोस्त्री, दोन मुले म्हणजे द्वोये जेची. दोघे, दोघी, तिघे, चौघे असे भेद करणाऱ्या मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. फरक इतकाच की आपण चौघांनंतर 'पाच जण' म्हणू लागतो आणि पोलिश भाषा पाचांनंतरही तशीच रूपे चालू ठेवते.

सुरुवातीला हा सगळा गुंता टाळण्याचा एक चांगला मार्ग आहे. 'ओसोबा' म्हणजे व्यक्ती, आणि हा शब्द स्त्रीलिंगी असून कोणत्याही माणसाला चालतो. येद्ना ओसोबा, द्व्ये ओसोबी, प्येंच ओसुप. उपाहारगृहात जागा मागताना, तिकिटे घेताना, घरात किती जण राहतात हे सांगताना याच शब्दाचा आधार घ्यावा. व्याकरणाच्या दृष्टीने हे पूर्णपणे शुद्ध आहे.

६. शंभराच्या पुढे

द्वेश्चे, त्षिस्ता, च्तेरिस्ता, आणि मग प्येंचसेत, षेश्चसेत, शेदेमसेत, ओशेमसेत, जेव्येंचसेत. हजार म्हणजे तिशोंत्स. दोन ते चार हजारांना तिशोंत्से आणि पाच हजारांपासून तिशेंत्सी. लाखासाठी स्वतंत्र शब्द नाही: एक लाख म्हणजे स्तो तिशेंत्सी. दहा लाख म्हणजे मिल्योन. एक अब्ज, म्हणजे शंभर कोटी, याला पोलिशमध्ये 'मिल्यार्द' म्हणतात, आणि 'बिल्योन' हा शब्द त्याच्या हजारपट संख्येसाठी राखलेला आहे. इंग्रजी बातमीतील आकडा पोलिशमध्ये सांगताना हा फरक ध्यानात ठेवावा.

७. घड्याळ, पहिला टप्पा: अधिकृत वेळ

वेळ विचारण्याचे वाक्य: 'प्षेप्राषाम, क्तुरा येस्त गोजिना?' येथे पहिले वाक्य क्षमा मागण्याचे आहे आणि अनोळखी माणसाशी बोलताना ते गाळू नये.

उत्तरात साधा आकडा येत नाही, क्रमवाचक शब्द येतो. पाच वाजले म्हणताना पोलिश माणूस 'पाचवी आहे' असे म्हणतो, कारण गोजिना, म्हणजे तास किंवा वेळ, हा शब्द स्त्रीलिंगी आहे. म्हणून पुढील यादी स्वतंत्रपणे पाठ करावी लागते:

प्येर्फ्षा (पहिली), द्रुगा, त्षेचा, च्फार्ता, प्योंता, षुस्ता, शुद्मा, उस्मा, जेव्योंता, जेशोंता, येदेनास्ता, द्वुनास्ता.

दुपारनंतर अधिकृत बोलण्यात मोजणी पुढे चालू राहते: त्षिनास्ता, च्तेर्नास्ता, प्येंत्नास्ता, षेस्नास्ता, शेदेम्नास्ता, ओशेम्नास्ता, जेव्येंत्नास्ता, द्वुजेस्ता, आणि मग द्वुजेस्ता प्येर्फ्षा, द्वुजेस्ता द्रुगा, द्वुजेस्ता त्षेचा. मिनिटे मात्र साध्या आकड्यांत सांगतात: १७:३५ म्हणजे शेदेम्नास्ता त्षिजेश्ची प्येंच, ७:०५ म्हणजे शुद्मा झेरो प्येंच. स्थानकांवरील सूचना, दवाखान्यातील वेळा, कचेरीच्या चिठ्ठ्या हे सारे याच पद्धतीने चालते. बोलताना तुम्हीही हीच पद्धत वापरलीत तर कोणाचाही गैरसमज होणार नाही.

मध्यरात्रीनंतरच्या वेळा ०:१५ अशा लिहिलेल्या असतात आणि 'झेरो प्येंत्नाश्चे' अशा वाचल्या जातात. पाच तारखेची ०:१५ ची गाडी पकडायची असेल तर चार तारखेच्या रात्रीच स्थानकावर जायचे असते. तिकीट काढताना तारीख दोनदा वाचावी.

८. घड्याळ, दुसरा टप्पा: लोक घरी जशी वेळ सांगतात

सहकारी, शेजारी, घरमालक हे २४ तासांची पद्धत नेहमीच वापरत नाहीत. त्यांच्या बोलण्यात चार रचना येतात. त्यांपैकी तीन मराठी माणसाला लगेच समजतील आणि चौथी त्याला हमखास चकवील.

सव्वासात: क्फाद्रान्स पो शुद्मेय. 'क्फाद्रान्स' म्हणजे पाव तास आणि 'पो' म्हणजे नंतर.
पावणेआठ: झा क्फाद्रान्स उस्मा. पाव तासाने आठ होतील, असा अर्थ.
सात वाजून दहा मिनिटे: जेशेंच पो शुद्मेय, आठाला दहा कमी: झा जेशेंच उस्मा.
साडेसात: फ्पुव दो उस्मेय.

शेवटच्या ओळीत 'उस्मा', म्हणजे आठ, आले आहे. सात कोठेही नाही. मराठीत 'साडे' हा शब्द होऊन गेलेल्या तासावर अर्धा चढवतो, पोलिश मात्र येणाऱ्या तासाकडे पाहून 'आठाकडे अर्धी वाट झाली' असे सांगते. कानावर 'उस्मेय' पडले की मन साडेआठ असे टिपते आणि माणूस नेमका एक तास उशिरा पोहोचतो. 'फ्पुव दो प्येर्फ्षेय' म्हणजे साडेबारा, हे तर वेगळे पाठ करून ठेवावे.

हा तर्क आपल्या भाषेलाही नवा नाही. 'अडीच' हा शब्द संस्कृतमधील 'अर्धतृतीय' यावरून आला आहे, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे असे माप. अडीच वाजले याला पोलिशमध्ये 'फ्पुव दो त्षेचेय' म्हणतात, म्हणजे तिसऱ्याकडे अर्धे. दीड या शब्दाच्या मुळाशीही दुसऱ्याचा अर्धा हाच विचार आहे, आणि पोलिशचा दीडसाठीचा 'पुव्तोरा' हा शब्दही त्याच विचारातून घडला आहे. दीड तास म्हणजे पुव्तोरेय गोजिनी. म्हणून 'फ्पुव दो' ऐकताच 'साडे' न आठवता 'अडीच' आठवावे, आणि त्याच रीतीने सगळे तास लावावेत. मला हा मार्ग कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

याहून पुढची रचना म्हणजे 'झा प्येंच फ्पुव दो उस्मेय', साडेसाताला पाच कमी, अर्थात ७:२५. ती ओळखता आली म्हणजे पुरे. आणखी एक सावधगिरी 'झा' या शब्दाबाबत आहे: 'झा प्येंच उस्मा' म्हणजे ७:५५, पण 'झा प्येंच मिनुत' म्हणजे आतापासून पाच मिनिटांनी. पुढे तासाचे नाव आहे की मिनिटांचा शब्द आहे, यावर लक्ष ठेवावे.

या घरगुती पद्धतीत सकाळ-संध्याकाळ स्पष्ट करायची असेल तर मागे 'रानो' (सकाळी), 'पो पोवुद्न्यू' (दुपारी), 'व्येचोरेम' (संध्याकाळी) किंवा 'व नोत्सी' (रात्री) जोडतात.

९. किती वाजता, कधीपासून, कधीपर्यंत

विभक्तींची भीती येथे आवरून धरावी, कारण वेळेपुरती तीनच रूपे लागतात. 'वाजले आहेत' म्हणताना शेवटी आ: उस्मा. 'वाजता', 'पासून', 'पर्यंत', 'नंतर', 'सुमारास' या सगळ्यांसाठी शेवटी एय: ओ उस्मेय, ओद उस्मेय, दो उस्मेय, पो उस्मेय, ओकोवो उस्मेय. 'च्या आधी' म्हणताना शेवटी ओं: प्षेद उस्मों. द्रुगा या शब्दाचे रूप 'द्रुग्येय' असे होते. बाकी सारे सरळ आहेत.

दुकानाच्या दारावर वेळ नसेल तर 'दो क्तुरेय येस्त ओत्फार्ते?' म्हणजे किती वाजेपर्यंत उघडे आहे, असे विचारावे. २०१८ पासून रविवारच्या व्यापारावर कायद्याने निर्बंध आहेत आणि बहुतेक रविवारी मोठी दुकाने बंद असतात, तेव्हा वेळेबरोबर वारही विचारावा.

कालावधी सांगताना पायरी ४ मधील नियम परत येतो: येद्ना गोजिना, द्व्ये गोजिनी, प्येंच गोजीन, येद्ना मिनुता, द्व्ये मिनुती, प्येंच मिनुत.

१०. स्थानक आणि बसथांबा

रेल्वे स्थानकांवर छापील वेळापत्रके दोन रंगांची असतात: पिवळ्या कागदावर 'ओद्याझ्दी' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, पांढऱ्यावर 'प्षियाझ्दी' म्हणजे येणाऱ्या गाड्या. नवखा माणूस घाईत पांढऱ्या कागदावर आपली गाडी शोधत बसतो. दुसरी अडचण 'पेरोन' आणि 'तोर' यांची आहे. आपल्याकडे फलाटाच्या प्रत्येक कडेला स्वतंत्र क्रमांक असतो. येथे पेरोन म्हणजे संपूर्ण फलाट आणि तोर म्हणजे रूळ, त्यामुळे एका पेरोनच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे तोर असतात. घोषणेत दोन्ही क्रमांक क्रमवाचक रूपात येतात, आणि दोन्ही टिपल्याशिवाय जिना उतरू नये.

गाडी उशिरा असेल तर 'ओपुझ्न्योनी' हा शब्द ऐकू येतो आणि पुढे 'ओकोवो' नंतर मिनिटे येतात. तेथे आकड्याच्या शेवटी उ येतो: जेशेंचु, प्येंत्नास्तु, द्वुजेस्तु, त्षिजेस्तु. ही रूपे बोलावी लागत नाहीत. ऐकून दहा, पंधरा, वीस, तीस एवढे कळले की काम झाले.

बसथांब्यावर डाव्या स्तंभात तास आणि त्यांच्या पुढे मिनिटे लिहिलेली असतात. कामाचे दिवस, शनिवार आणि सुट्ट्या यांचे रकाने वेगळे असतात. वॉर्सात रात्रीच्या बसगाड्यांच्या क्रमांकाआधी 'एन' हे अक्षर असते. ट्राम आणि बस यांना लोक आकड्यांची नामे करून हाक मारतात: द्वुय्का, त्रुय्का, च्फुर्का, प्योंत्का, षुस्त्का, शुदेम्का, उसेम्का. शाळेतील गुणांनाही हीच नावे आहेत. सहा हा सर्वोत्तम, एक म्हणजे नापास.

११. फोन, ओळख क्रमांक आणि तारीख

फोन क्रमांक नऊ अंकी असतो आणि तीन-तीनच्या गटांत सांगतात, तेही पुष्कळदा पूर्ण शतकांत: ५०१ असेल तर 'प्येंचसेत येदेन'. कानाने टिपणे जमत नसेल तर 'प्रोषे नापिसाच', कृपया लिहून द्या, असे निःसंकोच म्हणावे. पेसेल हा ओळख क्रमांक अकरा अंकी असून त्याचे पहिले सहा अंक जन्मवर्ष, महिना आणि दिवस यांचे असतात. २००० आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या महिन्यात २० मिळवलेले असतात, म्हणून तेथे २५ दिसले तर तो मे महिना आहे. अर्ज हाताने भरताना सातच्या मध्ये आडवी रेघ द्यावी, कारण येथे एक हा अंक वर लांब तिरकी रेघ देऊन लिहितात आणि बिनरेघेचा सात 'एक' म्हणून वाचला जातो.

तारखेसाठी क्रमवाचकाच्या शेवटी 'एगो' लावतात. यासाठी रस्त्यांच्या पाट्या उत्तम आहेत: १७९१ च्या राज्यघटनेची आठवण म्हणून 'त्षेचेगो माया' आणि १९१८ च्या स्वातंत्र्याची आठवण म्हणून 'येदेनास्तेगो लिस्तोपादा' ही नावे अनेक गावांत आहेत. पाटीवर अंकच लिहिलेला असतो, तो मोठ्याने वाचावा.

१२. सराव कसा करावा

रोज दोन पावत्या घेऊन प्रत्येक रक्कम चलनाच्या नावासह मोठ्याने वाचावी, आणि १२ ते १४ व २१ ते २४ या रकमा मुद्दाम शोधाव्यात. घड्याळाकडे पाहिले की वेळ दोनदा म्हणावी, एकदा अधिकृत आणि एकदा घरगुती. क्राकुफमध्ये सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते आणि दुपारी बाराची तुतारी पोलिश रेडिओच्या पहिल्या केंद्रावरून प्रसारित होते. त्या सुमारास रेडिओ लावला तर वेळेचे शब्द स्वच्छ उच्चारात ऐकायला मिळतात.

घरी फोन करताना लक्षात ठेवावे की हिवाळ्यात पोलंड भारताच्या साडेचार तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन तास. बदल मार्च आणि ऑक्टोबर महिन्यांच्या शेवटच्या रविवारी होतो. आणि डॉक्टरांची किंवा कचेरीची वेळ ठरवताना समोरच्याने 'फ्पुव दो' म्हटले, तर तीच वेळ २४ तासांच्या पद्धतीने उलट म्हणून दाखवावी, 'शुद्मा त्षिजेश्ची?' असे विचारावे आणि 'ताक', म्हणजे होय, हे उत्तर आल्यावरच वहीत लिहावी.